दुर्मीळ म्हणजे किती?

‘निजामकालीन अतिदुर्मीळ कलमतराश. सातशे वर्षांपूर्वीचा. अस्सल हस्तिदंती मूठ. शेवटचा एकच नग.’ जालावर एका विक्रेत्याने चाकूच्या छायाचित्राखाली लिहिलेली ही चार वाक्ये आम्ही वाचली आणि तीन हजार चारशे रुपये भरून मोकळे झालो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. विद्यार्थ्याने निबंधात पुराव्यावाचून विधान केले की समासात तांबडी रेघ ओढणे हा आमचा रोजचा उद्योग. त्या चार वाक्यांच्या समासात मात्र आमची लेखणी उठली नाही. ती का उठली नाही, याचा हा हिशेब.

निमित्त असे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरचा पहिला मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारी २०२५ रोजी आला, तेव्हा आमच्या विभागाने जुन्या लेखनसाहित्याचे एक छोटे प्रदर्शन मांडले. परभणी, सेलू, पाथरी, गंगाखेड या भागांतल्या विद्यार्थ्यांनी घरच्या माळ्यांवरून वस्तू काढून आणल्या. पितळी दऊत आली, टाक आले, बोरूंची एक जुडी आली, मोडीतल्या खरेदीखतांचे पिवळे कागद आले, एक उर्दू कागद आला जो आमच्यापैकी कोणालाच वाचता येईना. नव्हता तो फक्त कलमतराश.

कलमतराश म्हणजे लेखणी तासण्याचा चाकू. बोरूचे टोक काही पाने लिहून झाली की बोथट होते. ते पुन्हा तासावे लागते, तिरके छाटावे लागते, मधोमध बारीक चीर द्यावी लागते. मोडी लिहिणारा कुलकर्णी असो की नस्तालिकात हुकूम उतरवणारा मुन्शी असो, दोघांच्याही बैठकीपाशी हा चाकू असे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेसाठी एक समास खर्ची घातला तो उगाच नव्हे. लिहिणे ही तेव्हा हाताची कारागिरी होती. आमचा जिल्हा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. याच परभणीत सरकारी कारकुनी करीत लिहिणाऱ्या बी. रघुनाथांच्या (१९१३–१९५३) काळापर्यंत टाक आणि फाउंटन पेन रुळले होते, पण त्यांच्या आधीच्या पिढ्यांतल्या कारकुनाचे पान बोरू आणि चाकू यांच्यावाचून हलत नव्हते. तेव्हा प्रदर्शनात कलमतराश हवाच, असा हट्ट आम्ही धरला. घरोघर विचारून मिळाला नाही, म्हणून जालावर शोधला. तिथे तो लगेच मिळाला. खरे तर इथेच शंका यायला हवी होती.

चाकू आला. मुठीवर तपकिरी डाग, एक तडा, पात्यावर कोरलेली वेलबुट्टी आणि उर्दू आकड्यांत १२९८. आम्ही सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहिली : ‘कलमतराश. निजामकालीन. अत्यंत दुर्मीळ.’ खाली विभागाचे नाव. विद्यार्थ्यांनी ती चिठ्ठी वह्यांत उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाथरीकडचे एक वयोवृद्ध गृहस्थ नातवाबरोबर आले. त्यांचे वडील संस्थानी काळात तहसिलीत पेशकार होते. सगळ्या वस्तूंवरून त्यांचा हात फिरत होता. चाकूपाशी तो थांबला. अंगठ्याने धार चाचपून ते म्हणाले, “सर, ह्याच्यानं बोरू तासला तर बोरू चिरंल, टोक निघायचं नाही. आन् पातं घासलेलं कुठंय ह्याचं?” आम्ही विचारले, “काका, मग खरा कसा असायचा?” त्यावर ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक चाकू घेऊन पुन्हा आले. त्याचे पाते झिजून झिजून सुपारीच्या खांडाएवढे उरले होते. मुठीजवळच्या बिनधारेच्या भागावर इंग्रजी अक्षरांची शेपटी तेवढी शिल्लक होती, भिंगाखाली ती ‘रॉजर्स’ अशी लागली. “वडलांचा,” ते म्हणाले, “तेव्हा समद्यांकडंच असायचा.”

त्या संध्याकाळी आम्ही विक्रेत्याची चार वाक्ये पुन्हा काढली आणि ज्या रीतीने कविता वर्गात वाचतो त्या रीतीने ती वाचली. पहिली दोन वाक्ये एकमेकांना खोडून काढतात. निजामशाही नव्हे, निजामाचे राज्य म्हणायचे तर ते १७२४पासूनचे. सातशे वर्षांपूर्वीचा चाकू निजामकालीन असू शकत नाही आणि निजामकालीन चाकू सातशे वर्षांचा असू शकत नाही. मग सातशे वर्षे आली कुठून? पात्यावरच्या १२९८वरून. विक्रेत्याने तो इसवी सन धरला. हिजरी धरला तर १८८०-८१ येते. आणि हैदराबाद संस्थानच्या दफ्तरात चालणारी फसली धरली तर १८८८-८९. उर्दू आकडे ओळखण्याइतके आम्हाला येत होते, पण सन कोणता हा प्रश्न विचारण्याचे सुचले नव्हते. शिवाय ‘निजामकालीन’ हे विशेषण तरी किती ऐसपैस! १७२४ ते १९४८ अशी सव्वादोनशे वर्षे त्यात मावतात. ‘शिवकालीन’चीही गत हीच. जालावर ‘शिवकालीन रामपुरी’ असाही एक चाकू आम्ही पाहिला. रामपूर संस्थान स्थापन झाले १७७४ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी.

तिसरे वाक्य सर्वांत घातक, कारण ते खरे असते तर आम्ही गुन्हेगार ठरलो असतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. ‘अस्सल हस्तिदंती मूठ’ असे जाहीर लिहून विकणारा एकतर कायदा मोडतो आहे किंवा खोटे बोलतो आहे. तिसरा पर्याय नाही. आमच्या सुदैवाने तो खोटे बोलत होता. मूठ साच्यात ओतलेल्या राळेची निघाली. हे कळले ते तड्यावरून. तोच चाकू आणखी तीन विक्रेत्यांकडे दिसला, चौघांचीही छायाचित्रे वेगळी, आणि चौघांच्याही मुठीवर तडा मात्र त्याच जागी, त्याच वळणाचा. म्हातारपणसुद्धा साच्यातून काढता येते!

चौथ्या वाक्याविषयी काय सांगावे? तो ‘शेवटचा एकच नग’ आम्ही विकत घेतल्यानंतर दोन महिन्यांनीही शेवटचाच होता.

पात्याचा निकाल मात्र आमच्या एका विद्यार्थिनीने लावला. तिने चाकूवर लिंबू चोळून ठेवले. घरची विळी ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असते की साध्या पोलादाच्या पात्यावर कैरी किंवा लिंबू चिरले की पाते काळवंडते. आमचा १२९८ सालचा चाकू तासाभरानंतरही लखलखीत होता. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने तयार केले १९१३ मध्ये. हिजरी धरा, फसली धरा, १२९८ साली हे पाते असणे शक्य नाही. अर्थात ही कसोटी एकाच दिशेने चालते, हे लक्षात ठेवावे. पाते काळे पडले म्हणून ते जुने ठरत नाही. साध्या पोलादाचे चाकू आजही बनतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘दुर्मीळ’ हे विशेषण इतर विशेषणांसारखे नाही. चाकू जड आहे, बोथट आहे, गंजलेला आहे, असे कोणी म्हटले तर तो हातातल्या वस्तूविषयी बोलत असतो आणि आपण ती वस्तू पाहून त्याचे म्हणणे पडताळू शकतो. दुर्मीळ म्हणणारा माणूस हातात नसलेल्या सगळ्या वस्तूंविषयी बोलत असतो. असे चाकू एकंदर किती बनले, त्यांतले किती उरले, उरलेले कोणाकोणाच्या घरात पडून आहेत, हे ज्याला माहीत असेल त्यालाच तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आहे. विक्रेत्याला माहीत असतो तो त्याच्या टेबलावरचा एक नग. त्याने ‘मी असा दुसरा पाहिलेला नाही’ असे म्हणावे; ते प्रामाणिक विधान होईल, आणि मग आपण विचारू शकू की बाबा रे, तू एकूण पाहिलेस किती? पण ‘मी पाहिलेला नाही’चे ‘अस्तित्वातच नाही’ होते, आणि आपल्या अनुभवाचा आखूडपणा वस्तूच्या किमतीत जमा होतो.

खरोखर एकमेव असलेली वस्तू कशी ओळखावी, याचे एक उदाहरण चाकूंच्याच जगात आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा एक अजस्र चाकू घडवला. तो ‘नॉरफोक चाकू’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि शेफील्डमध्ये जपून ठेवलेला आहे. कोणी केला, कशासाठी केला, केव्हा केला, आज कुठे आहे, या चारही प्रश्नांना उत्तर आहे. त्याला कोणी दुर्मीळ म्हणत बसत नाही. म्हणण्याची गरज पडत नाही.

याच रॉजर्सचे खिशात मावणारे चाकू मात्र हिंदुस्थानात गावोगाव खपले. आमच्या काकांचे ‘समद्यांकडंच असायचा’ हे म्हणणे इतिहासाला धरून आहे. आज ते जालावर येतात तेव्हा पात्यावरची ‘व्ही आर’ ही अक्षरे दाखवून ‘राणी व्हिक्टोरियाच्या संग्रहातील’ असे सांगितले जाते. वास्तविक त्या अक्षरांनी एवढेच कळते की कारखान्याला राजघराण्याचा पुरवठादार म्हणवण्याची मुभा होती आणि चाकू तिच्या राजवटीतला, १८३७ ते १९०१ या काळातला, असावा. ‘जी आर’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातल्या पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जच्या राजवटीतला. देशाचे नाव ‘इंग्लंड’ असे कोरलेले असेल तर साधारणतः १८९१नंतरचा, कारण आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे हे बंधन अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने घातले आणि कारखानदारांनी ते अंगवळणी पाडून घेतले. ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर राणीचे नावही काढू नये. एक आणखी गंमत अशी की शेफील्डच्या नावाचे बनावट चाकू त्याच काळात जर्मनीतून इतके येत होते की त्यावरच्या ओरड्यातून ब्रिटनमध्ये १८८७चा व्यापारचिन्हांचा कायदा झाला. तेव्हा चाकू खरोखर सव्वाशे वर्षांचा असूनही खोटा असू शकतो. खोटेपणालाही पुराणवस्तूचा मान मिळण्याची सोय आहे!

त्या मानाचे म्हणायचे तर १९७२च्या पुरावस्तू व बहुमोल कलाकृती कायद्याप्रमाणे कारागिरीची शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. शंभर वर्षांच्या पलीकडचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला परवाना क्रमांक विचारावा, इतका साधा उपाय आहे. आम्ही तो उशिरा केला. उत्तर आले की वर्णनाच्या अगदी तळाशी ‘सजावटीची प्रतिकृती’ असे लिहिलेले आहे, ते वाचावे. होते खरे. सात दिवसांची परतीची मुदतही उलटून गेली होती. विशेषणे वर ठळक अक्षरांत आणि नाम तळाशी बारीक अक्षरांत, अशी ही वाक्यरचना.

‘दमास्कस’ या शब्दाचा व्यापारही याच जातीचा आहे, आणि तो आम्हाला अधिक झोंबतो. आजचे बहुतेक ‘दमास्कस’ चाकू दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून, मग आम्लात बुडवून, नक्षी उठवलेले असतात. कारागिरी म्हणून ते वाईट नाही. पण ज्या पोलादाच्या कीर्तीवर ते विकले जाते ते मुशीत वितळवून तयार होत असे आणि त्याची नक्षी धातूच्या घडणीतूनच उमटत असे. ते पोलाद बनवणारे कोनसमुद्रम हे गाव आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आमच्याच जुन्या संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इराणचे व्यापारी पोलाद घ्यायला तिथे येत असत, अशी नोंद आहे. ‘दमास्कस’वर पैसे उधळणाऱ्या किती मराठवाडकरांनी कोनसमुद्रम हे नाव ऐकले असेल? आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकले नव्हते. आम्हीही या फजितीनंतरच त्याच्या मागे लागलो.

हे सगळे चाकूच्या विक्रेत्याच्या माथी मारून आम्हाला हात झटकता येत नाहीत. दुर्मीळ, अनन्यसाधारण, एकमेवाद्वितीय हे शब्द मराठीत सर्वांत जास्त कोण वापरते? प्रस्तावना लिहिणारे, गौरवग्रंथांचे संपादक आणि आमच्यासारखे प्राध्यापक. ‘असा कवी मराठीत दुसरा झाला नाही’ असे वाक्य आम्ही दोघांनीही लिहिलेले आहे आणि ते लिहिताना मराठीतले बाकीचे कवी आम्ही मोजले नव्हते. जुन्या पुस्तकांच्या बाजारात मोल्सवर्थच्या कोशाच्या १९७५च्या पुनर्मुद्रणावर ‘दुर्मीळ’ची चिठ्ठी लावून १८५७च्या आवृत्तीचा भाव सांगितला की आम्ही विक्रेत्याला हसतो. पण ती चिठ्ठी ज्या भाषेत लिहिली आहे ती त्याने आमच्याकडूनच उचललेली आहे. त्या चार वाक्यांपुढे आमची लेखणी उठली नाही याचे कारण बहुधा हेच असावे. परक्याची भाषा असती तर संशय आला असता. ही तर घरचीच वाटली.

आणि एका गोष्टीकडे बाजारात वावरणाऱ्या सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. ज्या वस्तूचा बाजार भरतो तिचे नग पुरेसे असावेच लागतात. एरवी विक्रेते कशावर जगतील? रॉजर्सचे चाकू जालावर सतत मिळतात, कारण ते अमाप बनले. याउलट आमच्या भागातल्या लोहारांनी आणि गावोगाव पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्यांनी एकेका गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने घडवलेले चाकू, विळे, अडकित्ते यांच्यावर ना कारखान्याचा शिक्का ना साल. प्रत्येक नग वेगळा. ते झिजले की भंगारात गेले. असा चाकू आज शोधू म्हटले तर महिनोन्‌महिने सापडणार नाही, आणि सापडला तरी जालावर त्याला शंभर रुपये कोणी देणार नाही. दुर्मीळ असणे निराळे आणि त्याला भाव असणे निराळे. विक्रेता हे दोन्ही एका शब्दात बांधतो आणि आपण बांधू देतो.

पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) अडकित्ते, दिवे, दौती गोळा करीत हिंडले, तेव्हा त्या वस्तूंना कोणी दुर्मीळ म्हणत नव्हते. लोकांना ती अडगळ वाटत होती. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या त्या माणसाला या विशेषणाची वाट पाहावी लागली नाही, म्हणून तर आज तो संग्रह उभा आहे. आमच्या हौसेत आणि त्यांच्या हौसेत अंतर पडते ते इथे. आम्हाला वस्तूआधी तिचे विशेषण हवे होते.

काकांचा चाकू आम्ही विभागासाठी मागितला. पैसेही देऊ केले. ते म्हणाले, “पैशाचं काय, सर. आईनं पुढं त्याच्यानंच भाजी चिरली, आता नातसून चिंचा फोडते. घरात लागतो.” प्रदर्शनाचे उरलेले दोन दिवस तेवढा त्यांनी ठेवू दिला. चिठ्ठी आम्ही नव्याने लिहिली : ‘खिशातला चाकू. पात्यावर रॉजर्सची खूण, बाकी अक्षरे झिजलेली. साल निश्चित सांगता येत नाही. बोरू तासण्यासाठी वापर. मालकांच्या सांगण्यानुसार त्या काळी सर्रास आढळणारा.’ ज्यांनी पहिली चिठ्ठी वह्यांत उतरवली होती त्यांना बोलावून दुरुस्ती सांगितली. चौदा जण आले. बाकीच्यांच्या वह्यांत तो चाकू अजून निजामकालीन आणि अत्यंत दुर्मीळ आहे.

आमचा चाकू विभागाच्या कपाटात पडला आहे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची सुतळी कापायला तो एकदा काढला होता. सुतळी तुटली नाही.